किंमत कोणी मोजायची?

जुलै १९८७ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी एका पाहुण्याला पिल्कानियेऊचा कारखाना दाखवला. तिथे युरेनियम समृद्ध करण्याचं काम चाले. १९८३ पर्यंत या जागेचा जगाला पत्ताच नव्हता. पाहुणे होते शेजारच्या ब्राझीलचे अध्यक्ष जोझे सार्नी, म्हणजे ज्या देशावर नजर ठेवून हे सगळं गुप्त राखलं गेलं, त्याचेच प्रमुख. पुढच्या वर्षी सार्नींनी आल्फोन्सिन यांना ब्राझीलमधल्या इपेरोच्या अणुकेंद्रात नेलं.

हा कारखाना उभा कसा राहिला, तेही बघण्यासारखं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून अणुइंधनाचा पुरवठा आवळला. त्यानंतर अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने गुपचूप स्वतःचं युरेनियम समृद्ध करायला घेतलं. बाहेरून नळ बंद केला, तर आतल्या माणसाने विहीर खणली.

मग विहीर उघड झाली ती कशाने? दोन्ही देशांत लष्कर जाऊन लोकशाही आली, हे खरं. पण संशय एका निवडणुकीने जात नाही. भेटी, जाहीरनामे, तज्ज्ञांची ये-जा असं वर्षानुवर्षं चाललं. सप्टेंबर १९९० मध्ये ब्राझीलचे नवे अध्यक्ष कोलोर यांनी अणुचाचणीसाठी खणलेलं विवर कॅमेऱ्यांसमोर बुजवायला घेतलं. १९९१ मध्ये दोघांनी मिळून एक तपासणी संस्था काढली. तिचा नियम साधा आहे: ब्राझीलचे प्रकल्प अर्जेंटिनाचे निरीक्षक तपासणार, अर्जेंटिनाचे ब्राझीलचे. ती संस्था आजही काम करते.

आता इराक. १९९०च्या ऑगस्टमध्ये कुवेतवर हल्ला केल्याबद्दल इराकवर सर्वंकष निर्बंध आले. युद्धानंतर ते उठवण्यासाठी शस्त्रं नष्ट करण्याची अट घातली गेली. कागदावर औषधांना सूट होती. पण दिनार कोसळला, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा मोडकळीला आली. सद्दामच्या राजवाड्यांची बांधकामं मात्र थांबली नाहीत. इराकमधलं संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं.

निर्बंधांचा काही उपयोगच झाला नाही, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. २००३च्या युद्धानंतर शोध घेतला, तेव्हा इराकचा अणुकार्यक्रम कधीच बंद पडल्याचं दिसलं. निरीक्षक आणि निर्बंध, दोघांचाही त्यात वाटा होता. आणि खरा नैतिक पेच इथेच आहे. निर्बंध फसले असते, तर त्यांना नावं ठेवणं सोपं होतं. ते काही अंशी यशस्वी झाले, तरी प्रश्न उरतोच: बगदादमधल्या आजारी मुलाने सद्दामच्या निर्णयाची किंमत का मोजायची? त्याला ना कुणी विचारलं होतं, ना सद्दामला खुर्चीवरून हटवणं त्याच्या हातात होतं.

निर्बंधांच्या बाजूचं उत्तर असं: बॉम्ब टाकण्यापेक्षा हे बरं. बरंच आहे. पण निवड या दोनच गोष्टींत आहे, हे कुणी ठरवलं? पिल्कानियेऊत किंमत मोजली ती निर्णय घेणाऱ्यांनीच. गुपित गमावण्याची, घरच्या सेनाधिकाऱ्यांचा रोष ओढवण्याची जोखीम आल्फोन्सिन यांची स्वतःची होती.

सगळीकडे असं जमेल का? ब्राझील आणि अर्जेंटिनाकडे तयार बॉम्ब नव्हता, सीमेवर युद्धही पेटलेलं नव्हतं. भारत-पाकिस्तानकडे दोन्हीचा अनुभव आहे. तरीही एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार त्यांनी १९८८ मध्ये केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देण्याचा प्रघात पाडला. कारगिलनंतरच्या जानेवारीतही याद्या दिल्या गेल्या. याने एकही बॉम्ब कमी झालेला नाही. पण भांडण चालू असतानाही शत्रूला थोडं सांगता येतं, एवढं यातून दिसतं.

विश्वास बसला की दार उघडू, असं म्हणत बसलं तर दार बंदच राहतं. दार किलकिलं केल्यावर विश्वास येतो, तोही सावकाश. ‘निर्बंध लावा’ ही बातमी पुढच्या वेळी फोनवर दिसेल, तेव्हा ते चालतील का, हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याआधी विचारावं: याचं बिल कुणाच्या घरी जाणार आहे?