लॅटिन म्हणजे कोण?

प्रभू येशूच्या क्रुसावरील फलक हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक या तीन भाषांत लिहिला होता, असे संत योहान सांगतो. तेथे लॅटिन ही भाषा आहे. पण माणसालाच 'लॅटिन' म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ काय?

मुळात रोमजवळच्या लॅटियम प्रदेशात राहणारा तो लॅटिन. पुढे रोमन कायद्यात तो एक दर्जा झाला. रीतसर मुक्त न केलेल्या गुलामांना 'जुनियन लॅटिन' म्हणत. असा माणूस जगे स्वतंत्र म्हणून, पण मेल्यावर त्याची मिळकत मुलाबाळांना न मिळता जुन्या धन्याकडे जाई. त्याचा लॅटियमशी काही संबंध असावा लागत नसे.

नंतर कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक पश्चिमेकडच्या सर्वच ख्रिस्ती लोकांना लॅटिन म्हणू लागले. 1182 मध्ये त्या शहरात लॅटिनांची कत्तल झाली. 1204 मध्ये लॅटिन क्रुसेडरांनी तेच शहर लुटले. दोन्ही वेळा मारणारे आणि मरणारे ख्रिस्तीच होते! 2001 साली अथेन्स येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी या लुटीबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले आणि कॅथलिकांच्या अपराधांसाठी देवाकडे क्षमा मागितली.

आज पेरू देशातील केचुआ भाषा बोलणारा शेतकरीही 'लॅटिन अमेरिकन' ठरतो. केरळात 'लॅटिन कॅथलिक' हे एका समाजाचे नाव आहे. सिरियन ख्रिस्ती लोकांपासून तो वेगळा ओळखला जातो. आणि मराठीतून मिस्सा ऐकणारे वसई-मुंबईचे आपण? उपासनाविधीच्या दृष्टीने आपणही लॅटिनच आहोत.

मग असे नाव देणे चुकीचे आहे का? नाही. प्रत्येक नाव एका प्रश्नाचे उत्तर असते: तुझा प्रदेश कोणता, तुझा हक्क कोणता, तुझी प्रार्थनेची रीत कोणती? एका प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्या प्रश्नांना लावतो, तेथे अन्याय सुरू होतो. 'तो लॅटिन आहे' एवढे कळल्यावर त्या माणसाबद्दल आणखी काही जाणून घ्यायची गरज कॉन्स्टँटिनोपलच्या जमावाला वाटली नाही.

आपणही 'तो अमक्या गावचा', 'ती तमक्या समाजाची' असे सहज बोलून जातो. बोलावे, पण तेथेच थांबू नये. त्या माणसाला त्याचे नाव विचारावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.