लग्नातील फुले : उधळपट्टी की अर्पण?

वाचकहो, लग्नघरात पत्रिका, पोशाख आणि पंगत यांचा निर्णय झाला की फुलांचा प्रश्न पुढे येतो. वेदीवर कोणती फुले ठेवावीत? वधूच्या हातातील गुच्छ कशाचा असावा? हार किती मागवावेत? लग्नसराईत फुलबाजारात भाव चढलेले असतात, आणि घरातील एखादे वडीलधारे माणूस हटकते, की उद्या कोमेजणाऱ्या वस्तूवर इतका पैसा कशाला? तोच गोरगरिबांना द्यावा. हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. आपल्या श्रद्धेला साजेसे उत्तर त्याला दिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पांढऱ्या फुलांचा गुच्छ तेवढा ख्रिस्ती आणि गजरा व हार परधर्मीय, असे आपल्यातील काहींना वाटते. पवित्र शास्त्रात अशी आज्ञा कोठेही नाही. 1840 साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या विवाहात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला, आणि त्या फुलांची प्रथा युरोपात अधिकच रूढ झाली. उलटपक्षी, तिसऱ्या शतकाच्या आरंभी तर्तुल्यनाने मस्तकावर पुष्पमुकुट धारण करण्याविरुद्ध एक ग्रंथच लिहिला; कारण त्या काळी ते मुकुट मूर्तिपूजेशी निगडित होते. पुढे चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोमने वधूवरांच्या मुकुटांत वासनेवरील विजयाचे चिन्ह पाहिले. पूर्वेकडील मंडळ्यांच्या विवाहविधीत ते मुकुट आजही आहेत. फूल तेच राहिले, त्याला दिलेला अर्थ बदलला. तेव्हा मोगरा, शेवंती, निशिगंध यांनी वेदीसमोर संकोचण्याचे कारण नाही.

आता खर्चाचा प्रश्न. बेथानी येथे एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून ते प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा तेथील काहींनी हाच आक्षेप घेतला होता. तेलाची किंमत तीनशे दीनारांहून अधिक होती, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई क्षणात सांडली! तरीही प्रभूने तिला दोष दिला नाही. म्हणजे, प्रीतीने केलेला खर्च उपयोगाच्या तराजूत मोजता येत नाही.

परंतु येथेच थांबलो, तर आपण प्रभूच्या शब्दांचा सोयीस्कर अर्थ लावू. गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील, हे त्याचे म्हणणे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देते. त्या अध्यायात पुढे लगेच आज्ञा येते, की म्हणूनच आपल्या दरिद्री बंधूसाठी हात सैल सोड. ऐकणाऱ्यांना तो पुढचा भाग ठाऊक होता. आपण मात्र तो विसरतो. भाषांतर करताना मला आणखी एक गोष्ट जाणवते. मार्काच्या वृत्तांतात त्या स्त्रीच्या कृतीचे समर्थन करताना जे ग्रीक क्रियापद आले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘जवळ असणे’ असा आहे. तिच्याजवळ जे होते त्यातून तिने केले. कर्ज काढून केले नाही, की शेजारणीवर कुरघोडी करण्यासाठी केले नाही.

आपली कसोटी हीच असावी. एखाद्या सधन कुटुंबाने मंदिर ऑर्किडने मढवले, की पुढच्या महिन्यात त्याच वेदीसमोर मुलीचे लग्न लावणारा तुटपुंज्या पगाराचा बाप सावकाराचे दार ठोठावतो. त्याला कोणी सक्ती केलेली नसते. तरी सजवलेल्या खांबांनी त्याला पुरेसे सांगितलेले असते. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना मंडळीत लाजवणे, हा दोष पौलाने करिंथकरांच्या पदरी घातला, तोही प्रभुभोजनाच्या संदर्भात. आपल्या आनंदाची किंमत दुसरा फेडत असेल, तर त्या आनंदाला अर्पण कसे म्हणावे?

ज्या रानफुलांना मराठी शास्त्रात ‘भूकमळे’ म्हटले आहे, ती प्रभूने शलमोनाच्या वैभवाहून सुंदर ठरवली. ती विकत घ्यावी लागत नव्हती. जे आज आहे आणि उद्या भट्टीत पडणार आहे, त्यालाही देव नटवतो. तेव्हा क्षणभंगुर म्हणून फुले व्यर्थ ठरत नाहीत.

म्हणून, वाचकहो, फुले अवश्य निवडा. उन्हाळ्यात मोगरा आणि हिवाळ्यात शेवंती अशी त्या त्या ऋतूची फुले घ्या; ती ताजी मिळतात आणि सहसा परवडतात. विवाह शनिवारी असेल, तर वेदीवरील फुले रविवारच्या उपासनेसाठी राहू द्या, आणि नंतर मंडळीतील आजाऱ्यांच्या घरी पोहोचवा. ऐपत असेल, तर ज्या घरी लवकरच लग्न आहे त्यांच्या फुलांचा भारही गुपचूप उचला. मागणी देण्यापूर्वी वधूवरांनी एकत्र बसून एवढेच विचारावे : ही फुले आम्ही आमच्याजवळ असलेल्यातून देत आहोत ना, आणि ती पाहून मंडळीतील कोणाची मान खाली जाणार नाही ना?