साठ दिवस, नव्वद दिवस

2025 च्या घटस्थापनेआधीचे दोन दिवस पुण्यातल्या कितीतरी घरांत झोप नव्हती. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जामागे एक लाख डॉलर शुल्क, असा हुकूम अमेरिकेच्या अध्यक्षांनी शुक्रवारी काढला आणि रविवारपासून तो लागू होणार होता. आधीच व्हिसा असलेल्यांना ते भरावे लागणार नाही, हा खुलासा येईपर्यंत सुट्टीवर घरी आलेली मुले मिळेल त्या तिकिटावर निघालीही होती.

त्या आठवड्यात इकडे संताप खूप ऐकला. बाहेरून आलेल्यांमुळे आपला पगार दबतो, ही तिकडच्या प्रोग्रॅमरची तक्रार मात्र मला खोटी वाटत नाही. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस या अर्थतज्ज्ञांनी 1994 ते 2001 या काळाचा हिशेब मांडला आहे. परदेशी संगणकतज्ज्ञांची संख्या 1994 इतकीच राहिली असती, तर 2001 मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार 2.6 ते 5.1 टक्के जास्त असते. ग्राहकांना वस्तू स्वस्त मिळाल्या, कंपन्यांचा नफा वाढला, हेही त्याच हिशेबात आहे. पण ज्याचा पगार थांबला त्याला हे सांगून काय होणार?

खन्ना आणि मोरालेस यांनी पुढे दाखवलेली गोष्ट पुण्याला अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या आशेने इथली मुले संगणकाकडे वळली. ज्यांना जाता आले नाही ते आणि जाऊन परतलेले, या दोघांच्या बळावर इथला उद्योग वाढला. एच-1बी ज्या कायद्यातून आला तो 1990 चा. त्याच वर्षी अमेरिकेतून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी पुण्यात पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. हिंजवडीच्या भातखाचरांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यामागे तिकडे गेलेल्यांइतकेच न गेलेलेही आहेत.

मग तिकडे पगार पडतो कशाने? माणूस आल्याने थोडा, पण त्याला हलता येत नाही याने फार. एच-1बीवरच्या माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. ग्रीन कार्डात एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. घराचे कर्ज, मुलांची शाळा, बायकोचा व्हिसाही त्याच्याच व्हिसाला बांधलेला. असा माणूस साहेबासमोर पगारवाढीचा आकडा काढत नाही. त्याच्या गप्प बसण्याने शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी माणसाचाही भाव उतरतो. एच-1बीवरच फार विसंबणाऱ्या कंपन्यांवर 1998 च्या कायद्याने जादा अटी घातल्या, पण वर्षाला 60,000 डॉलर पगार दिला की त्या अटींतून सूट. तो आकडा आजही तोच आहे. खरा राग यायला हवा तो इथे.

आणि आपले काय? वाकडच्या सोसायट्यांत मी वर्षानुवर्षे ऐकतो: "बाहेरची पोरं कमी पैशात राबतात, म्हणून आपल्या पोरांना पॅकेज मिळत नाही." टेक्सासमधला माणूस आपल्या मुलांबद्दल हेच बोलतो. नांदेडहून, पाटण्याहून आलेला मुलगा कमी पैशात का राबतो, हे कोणी विचारत नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचा पगार दहा वर्षांहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. वर कुठे बॉन्ड, कुठे मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या कपाटात, आणि नोटीस पिरियड 90 दिवसांचा.

आमच्या वरच्या मजल्यावर नांदेडचे तिघे भाड्याने राहतात. त्यातल्या एकाला गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ दीडपट पगाराची ऑफर आली होती. नव्या कंपनीला तो 30 दिवसांत हवा होता. त्याने जुन्या ठिकाणी विनवण्या केल्या, उरलेल्या दिवसांचा पगार भरून देतो म्हणाला. नाहीच सोडले. ऑफर गेली. "काका, पुण्यातल्या पुण्यात जायचं होतं हो," एवढेच तो जिन्यात म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ यंदा कॉम्प्युटरला प्रवेश घेतो आहे.