हसलात ना त्याला?

उभे राहा. मागच्या बाकावरचेही.

काल पहाटे चाकणला थर्ड शिफ्टमध्ये तुमच्याच बॅचचा पोरगा फिट येऊन प्रेसशेजारी कोसळला. एकाने त्याच्या नाकाला चप्पल लावली, दुसऱ्याने हातात किल्ल्या कोंबल्या, तिसरा शहाणा दातखीळ सोडवायला चमचा घेऊन धावला! दात तुटून घशात गेला असता म्हणजे? कुशीवर वळवायचं, डोक्याखाली जॅकेटची घडी, कॉलर सैल, आणि घड्याळाकडे नजर. बहुतेक वेळा फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. 5 मिनिटं उलटली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, की 108.

पण हे पडल्यानंतरचं झालं. माझं डोकं फिरलंय ते आधीच्या प्रकाराने.

नाईट उतरली की त्याच्या हातातला चहा उडायचा. खांद्याला झटका बसायचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचाही. तुम्ही त्याचं नाव ठेवलंत 'करंट'. बोलता बोलता काही सेकंद हरवायचा, तर म्हणे प्रेमात पडलाय! अरे, ते झटके म्हणजे छोट्या फिटच होत्या. या वयात अशी मिरगी सुरू होते, आणि जागरणाने नेमकी सकाळीच उसळते. त्यावर ओटीसाठी डबल ड्युटी! मिरगीचं रूप प्रत्येकात वेगळं: एखाद्याला फिटच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, नसलेला जळका वास येतो; एखादा ओठ चाटत गुंडीशी चाळा करत राहतो, हाकेला ओ देत नाही. बेअरिंगचा आवाज बदलला की मशीन थांबवता ना? मग माणसाच्या वेळीच कान कुठे जातात?

तुमच्यातल्या कुणीतरी त्याच्या झटक्यांची रील केलीय. ग्रुपवरून आत्ता काढा, पण मूळ व्हिडिओ त्यालाच द्या. न्यूरॉलॉजिस्टला तो फार कामाचा असतो.

आणि 'आता याचं काय होणार' असली कुजबुज नको. नीट उपचार मिळाले तर 70 टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्यात यशोदा वाकणकरांनी स्वतः मिरगी सोसून 'संवेदना' हा मदतगट उभा केला. डॉक्टर हो म्हणेपर्यंत प्रेस नाही, उंचीवरचं काम नाही, बाईक नाही, एवढंच.

आज त्याच्या खोलीवर जा, माफी मागा. डॉक्टरकडे जाताना एकाने सोबत जायचं. काय पाहिलं ते हा सोबतीच सांगेल, कारण पडलेल्याला काही आठवत नसतं. मगच माझ्या वर्गात बसायचं.