कवच आणि झीज

नवा मोबाइल विकत घेतला, कीं दुकानदार आपणांस पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या उपयोगाविषयींचा नसून संरक्षणाविषयींचा असतो: "ग्लास लावायची ना?" आपण होकारार्थी मान हालवितों. मग तो स्पिरिटाच्या बोळ्यानें पडदा पुसतो, चिकट कागदाच्या तुकड्यानें उरलेसुरले धुळीचे कण टिपतो, पारदर्शक पापुद्रा एका कडेपासून अलगद सोडतो आणि एखाद्या जुन्या कार्डानें हवेचे बुडबुडे बाहेर सारतो. तेवढा वेळ आपण श्वास रोखून उभे असतों; एखादा कण आंत राहिलाच, तर आपल्या मुद्रेवर जी खिन्नता पसरते ती खरोखर पाहण्यासारखी असते. लॅपटॉपची कथा याहून वेगळी नाहीं. त्याच्या पडद्याला एक पापुद्रा, कळफलकाला दुसरा आणि पाठीला तिसरा. हा सोहळा पाहून मनांत सहज येतें, कीं ज्या वस्तूला आपण इतकें जपतों, ती आपली राहते, कीं आपणच तिचे होतों?

हें सर्व जपणें म्हणजे केवळ लोभ, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. 2007 सालच्या जानेवारींत ॲपल कंपनीनें आपला पहिला आयफोन लोकांपुढें ठेवला, तेव्हां त्याचा दर्शनी भाग प्लास्टिकचा होता. जूनमध्यें तो विक्रीस आला, तेव्हां त्या जागीं कांच आलेली होती, कारण प्लास्टिकवर ओरखडे सहज उठतात. अशा कांचेला बळकटी आणण्याची युक्ति मोठी मौजेची आहे. सुमारें 400 अंश सेल्सियस उष्णतेच्या वितळलेल्या पोटॅशियम-क्षारांत कांच बुडवितात. तिच्यांतील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात, त्यांच्या जागीं पोटॅशियमचे मोठे कण घुसतात, आणि त्या दाटीनें पृष्ठभाग आवळला जाऊन सहसा तडा जात नाहीं. तथापि मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें 1812 सालीं काठिण्याची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी बसविली, तिच्यावर कांच सहाच्या आसपास येते, आणि वाळूंतील गारगोटी सातव्या पायरीवर बसते. म्हणजे खिशांतला एक वाळूचा कण कांचेहून कठीण! पापुद्र्याच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत '9एच' छापलेलें असतें, तें या मोजपट्टीवरचें माप नव्हे. तें पेन्सिलीच्या शिशाच्या कसोटीचें आहे. असो. पापुद्रा अजिंक्य नसतो. ओरखडा स्वतःवर घ्यावा आणि फेंकलें जावें, एवढेंच त्याचें काम. आणि स्वस्तानें महागाच्या जागीं मार खावा यांत गैर कांहींच नाहीं. शिवाय जो मोबाइल दोन वर्षांऐवजीं पांच वर्षें टिकला, त्यानें खाणींवरचा आणि उकिरड्यावरचा थोडा तरी भार हलका केला.

मग अडतें कोठें? मला वाटतें, जपणुकीचे दोन प्रकार आहेत आणि ते आपण एकत्र करतों. एक अपघातापासून जपणें, आणि दुसरें उपयोगापासून जपणें. पहिल्यानें वस्तु वापरण्यास मोकळी होते. दुसरें वापरालाच शत्रु मानतें. पुष्कळ लोक "पुढें विकतांना किंमत यावी" असें कारण सांगतात. व्यवहार म्हणून तें ठीक आहे. पण त्याचा अर्थ असा, कीं कोण्या अनोळखी गिऱ्हाइकाची ठेव आपण आपल्या खिशांत वागवीत आहों, आणि स्वतःच्या वस्तूचे मालक असून तिच्यांत भाडेकऱ्यासारखे राहत आहों.

माझ्या एका आत्येला तिच्या मुलानें अमेरिकेहून मोबाइल पाठविला होता; हेतु इतकाच, कीं आईचा चेहरा रोज दिसावा. तिनें तो पेटीसह कपाटांत, पैठणीच्या घडीशेजारीं ठेवला. "चांगला आहे रे, उगीच खराब होईल," असें ती म्हणे, आणि जुन्या बटणांच्या मोबाइलवरून मुलाशीं बोले. ती गेल्यावर कपाट उघडलें, तों पडद्यावर कारखान्यांतून आलेला पापुद्रा तसाच होता. त्यावर बोटाचा एक ठसाही नव्हता. मुलानें तो हातांत घेतला आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. माझ्या आत्येला वेडी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. जिनें एकेक पातळ वर्षानुवर्षें पुरवून नेसलें, तिला जपणें हाच प्रेमाचा उच्चार वाटतो. मुलाची भेट जपणें म्हणजे मुलाला जपणें, असा तिचा हिशेब. परंतु मुलाला हवा होता तो चेहरा, आणि चेहरा मात्र कपाटांत ठेवून टिकत नाहीं.

देवघरांतील सहाणेला मध्यभागीं खळगा पडतो. तो पडला म्हणून सहाण बिघडली, असें कोणी म्हणत नाहीं. जात्याचें तर याहून विलक्षण. दळून दळून दगड गुळगुळीत झाला, कीं टाकी लावून त्याला मुद्दाम ओरखडे पाडून घ्यावे लागत, तेव्हां पीठ पडे. कोणी म्हणेल, दगडाचा न्याय कांचेला लागत नाहीं. ओरखड्यानें पडदा कांहीं अधिक स्वच्छ दिसत नाहीं. खरें आहे, आणि म्हणूनच पापुद्रा सोलून फेंका असा उपदेश मी करीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं झीज म्हणजे सदैव हानि नव्हे. पुष्कळदां ती आपण त्या वस्तूबरोबर घालविलेल्या आयुष्याची नोंद असते.

याची कसोटी प्रत्येकानें घरींच घ्यावी. पापुद्र्याला तडा गेला, तर "बरें झालें, कांच वांचली" असें वाटतें, कीं हळहळ वाटते? हळहळ वाटत असेल, तर कवचालाच आपण वस्तु मानूं लागलों. दुसरी कसोटी याहून कठीण आहे. घरांतल्या मुलानें मोबाइल हातांत घेतला, कीं आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? माझ्या तोंडून बहुधा "सांभाळ" असा निघतो, आणि तो मुलासाठीं नसतो, हें मला लाजेनें कबूल केलें पाहिजे.

कर्णाचें कवच जन्मजात होतें. पण त्याची कीर्ति झाली ती तें अंगावरून उतरवून दिल्यामुळें, आणि त्याची किंमतही त्यानें प्राणांनीं दिली. एवढें औदार्य आपणां सामान्यांकडून कोणी मागत नाहीं. आपण कवच खुशाल लावावें; मात्र तें लावल्यावर वस्तु निर्भयपणें वापरावी, दुसऱ्याच्या हातीं द्यावी, आणि तिच्यावर चरा उमटला तर ज्याच्या हातून तो उमटला त्याच्याकडे आधीं पाहावें. आत्येचा तो मोबाइल आतां तिचा मुलगा वापरतो. त्याच्यावर ओरखडे आहेत, आणि तो आतां खऱ्या अर्थानें कोणाचा तरी झाला आहे.