शेवटच्या बोर्डावरचं पोर

चि. ताईस,


उमरग्याला तुमच्या शाळेच्या सभागृहात खुली बुद्धिबळ स्पर्धा घ्यायचं चाललंय, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास: पहिलं बक्षीस किती रुपयांचं ठेवावं आणि उद्घाटनाला कुणाला बोलवावं. दोन्हींचं उत्तर देतो, पण आधी स्पर्धा नेमकी कुणासाठी घ्यायची ते लिहितो. ते पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

बक्षीस जिंकणारी पोरं तुझ्या स्पर्धेवाचून अडून बसलेली नाहीत. त्यांचे आईबाप त्यांना सोलापूर, लातूर, पुण्याला नेतातच. तुझी स्पर्धा हवी आहे ती शेवटच्या बोर्डावरच्या पोराला. मुरूम, येणेगूर, नारंगवाडी, सास्तूर, जेवळीकडून सकाळच्या एसटीनं आलेलं, घरी प्लास्टिकच्या सोंगट्यांवर शिकलेलं, आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ लावून खेळणारं पोर. ते बहुधा हरणार आहे. हरल्यावरही पुढच्या महिन्यात पुन्हा खेळावंसं त्याला वाटलं, तर तुझी स्पर्धा झाली असं मी म्हणेन.

म्हणून पहिली गोष्ट. बाद पद्धत अजिबात ठेवू नकोस. शाळाशाळांतून सोयीसाठी ती सर्रास वापरतात. ६४ पोरं असली की पहिल्या तासाभरात ३२ पोरं डबा न उघडताच घरी. सगळी स्पर्धा मिळून डाव होतात ६३. तीच पोरं स्विस पद्धतीनं सात फेऱ्या खेळली तर २२४ डाव होतात आणि एकही पोर बाहेर पडत नाही. ही पद्धत १८९५ साली झुरिचच्या स्पर्धेत यूलियस म्युलर यांनी पहिल्यांदा वापरली, आणि आज जगभरच्या खुल्या स्पर्धा तिच्यावरच चालतात. दर फेरीला जवळपास सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालायची, आधी झालेली जोडी पुन्हा लावायची नाही, काळी-पांढरी सोंगटी शक्यतो आलटून पालटून द्यायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ज्याला त्याला आपल्या जोडीचा गडी सापडतो. संख्या विषम असली तर एकाला बाय जातो. तो खालच्या गुणांच्या खेळाडूला द्यायचा आणि एकाच पोराला दोनदा द्यायचा नाही. बाय मिळालेल्या पोराला पूर्ण गुण मिळतो, पण ते बिचारं तासभर नुसतं बसून राहतं. म्हणून एक चांगला खेळाडू राखीव ठेव, तो त्याच्याशी मैत्रीचा डाव खेळेल.

मागे एका तालुक्याच्या स्पर्धेत मी पंचांच्या टेबलाशी बसलो होतो. शेवटच्या बोर्डावर चौथीतलं पोरगं. तीन डाव हरलेलं. चौथ्यात त्याच्याकडे नुसता राजा उरला होता, समोरच्याकडे वजीर आणि हत्ती. समोरच्यानं घाईघाईत वजीर असा आणून ठेवला की राजाला शह तर नाही, पण सरकायला एकही घर नाही. पोरगं बराच वेळ पटाकडे बघत राहिलं, मग राजा आडवा करायला त्यानं हात पुढे केला. पंच तिथंच उभे होते. म्हणाले, "थांब. स्टेलमेट झालंय. डाव बरोबरीत." पोरानं विचारलं, "म्हणजे मी हारलो नाही?" अर्धा गुण. पाचव्या फेरीचं पेअरिंग, म्हणजे जोड्यांची यादी, भिंतीवर लागलं तेव्हा सगळ्यांत पुढे तेच उभं होतं, बोट लावून आपलं नाव शोधत. बाद पद्धत असती तर हे पोर सकाळीच गावी परतलं असतं.

दुसरी गोष्ट नियमांची. पहिल्या फेरीआधी अर्धा तास राखून ठेव आणि नियम तोंडी, सावकाश सांग. आपल्याकडे बरीच पोरं आजोबांकडून शिकलेली असतात आणि आजोबा देशी पद्धतीचे. त्यांचं प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, कॅसलिंग त्यांना माहीत नसतं, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते, आणि प्यादं शेवटच्या घराला पोचलं की बहुधा त्या ओळीचंच मोहरं होतं. अशा पोराला "चुकीचं शिकलास" असं कुणी म्हणता कामा नये, हे तुझ्या स्वयंसेवकांना बजावून ठेव. त्याला म्हणायचं, तुझ्या आजोबांचा खेळ आपला जुना खेळ आहे, आज आपण स्पर्धेच्या नियमांनी खेळू. आणि ते खरंही आहे. तुमच्या उमरग्याहून राज्याची सीमा ओलांडली की जवळच बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचं सविस्तर वर्णन आहे. हे उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगितलं तर पोरांना आवडेल. एरवी त्या भाषणांत पोरांच्या कामाचं फारसं काही नसतं.

नियमांत भांडणं होतात ती चार-पाच ठिकाणीच. हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं; नुसतं सरळ करायचं असेल तर आधी तोंडानं सांगायचं. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. नियमबाह्य चालीला पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव गेला. तक्रार असेल तर घड्याळ थांबवून हात वर करायचा, आपापसात वाद घालायचा नाही. एवढं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

घड्याळं कमी पडतील, पडू देत. बार्शी, सोलापूर, लातूरच्या खेळाडूंकडून उसनी मिळतात, मागायची लाज धरू नये. तरीही पुरली नाहीत तर वरचे बोर्ड घड्याळावर लाव आणि खालच्या बोर्डांना सुरुवातीला तसंच खेळू दे. फेरीचा अर्धा वेळ संपला की जे डाव रेंगाळलेत तिथं उरलेला वेळ दोघांत सारखा वाटून घड्याळ ठेवायचं. पंच मंडळी लहान मुलांच्या स्पर्धांत असं करतात, त्यात कमीपणा नाही.

आता वेळापत्रक. ते एसटीवरून आख. आपला धाराशिव जिल्हा लांबलचक, परंडा एका टोकाला आणि उमरगा दुसऱ्या. परंडा-भूमचं पोर आलं तर त्याचा परतीचा प्रवास मोठा आहे, आणि बक्षीस समारंभ रात्री आठला ठेवला तर ते पुन्हा येणार नाही. प्रत्येकाला १० मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद दिले तर साठ चालींचा डाव अर्ध्या तासात आटोपतो. पेअरिंग धरून पाऊण तासाला एक फेरी. साडेनऊला पहिली फेरी खरोखर साडेनऊलाच सुरू झाली तर चार फेऱ्या करून साडेबाराला जेवण, सव्वाला पाचवी, साडेतीनपर्यंत सातवी संपते. पण हे सगळं उद्घाटनावर अवलंबून आहे. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत असं चालू झालं की अकरा वाजतात आणि दिवसभर प्रत्येक फेरी उशिरा लागते. तेवढा वेळ लहान पोरं पटासमोर भुकेली बसलेली असतात.

तारीख धरताना नवरात्र टाळ. त्या दिवसांत तुळजापूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची रीघ असते, गाड्या भरलेल्या, पोलीस आणि शिक्षक बंदोबस्ताच्या नाहीतर सेवेच्या कामात. पुढे सोयाबीनच्या काढणीत घरातलं प्रत्येक माणूस रानात. दिवाळी उरकली की परीक्षेचं वातावरण तापायच्या आत एखादा रविवार बघ. उन्हाळा तर नकोच. पत्र्याच्या सभागृहात मे महिन्यात डोकं चालत नाही. पाण्याचे जार आदल्या संध्याकाळीच आणून ठेव. पेअरिंग लॅपटॉपवर होणार, तेव्हा लाइट गेली तर काय, ते आधी ठरव. प्रत्येक फेरीचा निकाल कागदावरही लिहून घे. जुने पंच कार्डांवर हातानं जोड्या लावायचे, त्यातला एखादा जाणता माणूस हाताशी असू दे.

पालकांना खेळण्याच्या जागी बिलकुल सोडू नकोस. मग तो देणगीदार असो नाहीतर तुझा मुख्याध्यापक. बाहेर सावलीत सतरंजी, चहा, वर्तमानपत्र दे, पण दाराच्या आत नाही. बापाच्या चेहऱ्याकडे बघून चाल खेळणारी पोरं मी पाहिलेली आहेत, त्यांचे हाल बघवत नाहीत. आणि शेवटी भांडण कशावरून होतं ते आत्ताच सांगून ठेवतो: सारखे गुण असलेल्या चौघांत बक्षीस एकाला का? टायब्रेक म्हणून बुकोल्झ धरतात, म्हणजे खेळाडूच्या प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी तगडे तो वर. हे सकाळीच, पहिल्या फेरीआधी, पालकांना समजावून भिंतीवर लाव. संध्याकाळी निकाल लागल्यावर समजावलं तर कुणाचाही विश्वास बसत नाही.

रेटिंग स्पर्धा पहिल्या वर्षी नको. तुला कुणीतरी भरीस घालेल. २०२४ च्या मार्चपासून फिडे या जागतिक संघटनेनं रेटिंगची खालची मर्यादा १४०० केली आहे, आणि पहिलं रेटिंग मिळायला पोराला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव खेळावे लागतात. तेवढे रेटेड खेळाडू उमरग्यात पहिल्याच वर्षी कुठून येणार? नोंदणी, शुल्क, मान्यताप्राप्त पंच यांचा खर्च पोरांच्या प्रवेश फीवर पडेल आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी जिल्हा संघटनेला आधी कळव, त्यांच्याकडून एक जाणकार पंच माग. संघटनांत गट असतात, तुलाही कुणी आपल्या बाजूला ओढेल. सगळ्यांना निमंत्रण दे, कुणाचीही बाजू घेऊ नकोस.

मुलींबद्दल एक. मुलींचा वेगळा कोपरा करून तिथं त्यांचे डाव लावू नकोस. खेळू देत सगळ्यांबरोबर, बक्षीस मात्र त्यांना वेगळंही असू दे. रोहिणी खाडिलकर १९७६ साली तेरा वर्षांच्या असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्यावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी सांगितलं की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ती एकोणीस वर्षांची होती. तुझ्या शाळेतल्या मुलींना दिव्याचं नाव ठाऊक आहे. त्यांच्या आयांनाही ते ठाऊक असू दे, कारण रविवारी घरातून सोडायचं की नाही ते त्या ठरवतात.

एका दिवसाच्या स्पर्धेनं काय होणार, असं लोक म्हणतील. सांगलीकडे बघ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य या खेळाला वाहिलं. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना राज्यभरातून पोरं सांगलीला जात. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या आणि १९९१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. तिथं दर वर्षी पट मांडणारी माणसं होती म्हणून ते झालं. आणि आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? खो-खोच्या सारिका काळे याच धाराशिवच्या, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. रोज संध्याकाळी मैदानावर हजर राहणारी माणसं खो-खोला इथं मिळाली. तशी माणसं बुद्धिबळाला मिळवणं हे तुझं खरं काम. एक बँकेतला, एक मेडिकल दुकानवाला, दोन शिक्षक, एक कंडक्टर, असे पाच जण पुरेत. दर रविवारी दोन तास शाळेची एक खोली उघडी, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घे. किल्ली कुणा एकाकडेच राहू देऊ नकोस. आणि जमाखर्च स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सूचना फलकावर लाव, पाच रुपयांच्या खडूसकट.

आता तुझे दोन प्रश्न. पहिलं बक्षीस लहान ठेव. मोठी रक्कम जाहीर केलीस तर बाहेरचे चार मुरलेले खेळाडू येतील, पैसे घेऊन जातील, पुन्हा दिसणार नाहीत. देणगीदारांकडून रोख रकमेऐवजी पट आणि सोंगट्यांचे संच माग आणि भाग घेतलेल्या प्रत्येक शाळेला एकेक दे. प्रमाणपत्र सगळ्यांना, त्यावर पोराचं नाव शुद्ध लिहिलेलं. उद्घाटनाला कुणीही येऊ दे, पण पहिली चाल गावच्या पारावर खेळणाऱ्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातून होऊ दे, आणि दहा मिनिटांत खेळ सुरू कर.

बक्षीस समारंभातच पुढच्या वर्षीची तारीख जाहीर कर. ती पाळणं अवघड जाईल, तरी कर. तुझी तारीख ठरली की मला लगेच कळव. माझ्याकडची घड्याळं घेऊन मी आदल्या दिवशी मुक्कामाला येतो, आणि दिवसभर खालच्या बोर्डांकडे मी बघतो.

तुझा,
मामा