तुम्ही बसा, अण्णा!

आमच्या घरात वस्तू मोडत नाहीत. त्या माळ्यावर जातात. मोडलेल्या वस्तूचं एक बरं असतं, ती भंगारवाल्याला देताना घरात दुमत होत नाही. पंचाईत होते ती न मोडलेल्या वस्तूंची. तांब्याचा बंब, पायाने चालवायचं शिवणयंत्र, दोन बँडचा रेडिओ यांतलं काही म्हणजे काही बिघडलेलं नाही. त्यांना फक्त कुणी काम सांगत नाही. टाकवत नाही आणि वापरवत नाही, या दोन नकारांच्या मध्ये मराठी माणसाने जी जागा बांधली, तिला माळा म्हणतात. "असू दे, आठवण आहे," असं म्हणून आपण वस्तू वर चढवतो आणि आपण तिचा मान राखला अशा समजुतीने खाली उतरतो.

पण हा मान असतो, की आपली सुटका?

एवढा जड प्रश्न एखाद्या तत्त्वज्ञाने घातला असता तर मी अदबीने टाळला असता. तो घातला एका लॅपटॉपने. खरेदी २०१० सालची, रॅम २ जीबी, वजन पाट्याएवढं. (वरवंटा म्हणजे त्याचा चार्जर.) आला तेव्हा त्यात विंडोज ७ होतं. त्याची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. मग त्याच्यावर विंडोज १० चढवलं. ते उघडायला लागलं की आमच्या हिचा कुकर तीन शिट्ट्या देऊन मोकळा व्हायचा आणि पडद्यावर गोल चक्र आपलं फिरतंच आहे. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ला त्या दहाचीही नेहमीची देखभाल संपली. अकरा घालावं, तर त्याच्या अटी वधूपक्षाच्या वरताण. रॅम किमान ४ जीबी हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. आमचा त्या यादीत कुठून असणार!

आता बघा, १४ ऑक्टोबरच्या रात्री हा लॅपटॉप जेवढा धडधाकट होता तेवढाच १५ला सकाळी होता. कळा दाबल्या जात होत्या, पडदा स्वच्छ होता. मग त्या रात्रीत तो म्हातारा झाला कसा? तर दूर कुठेतरी कुणीतरी तारीख ठरवली होती. सरकारी नोकरीतला माणूस असाच म्हातारा होतो. महिनाअखेरीला नारळ आणि शाल मिळते, आणि एक तारखेपासून त्याला जिना चढताना लोक हात देऊ लागतात.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. देखभाल थांबते म्हणजे नव्याने सापडणारी भोकं बुजवणारं कुणी उरत नाही. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणं म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवणं. "मला याचा लळा आहे," हे चोराला सांगून भागत नाही. साकीनाक्याच्या एका दुकानदाराने लॅपटॉप हातात तोलून पाहिला आणि किलोवर भाव सांगितला. ही म्हणाली, "माळ्यावर जागा आहे अजून."

इथे अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८५. मरोळ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते टायपिस्ट होते. कामगारांच्या फळ्यावर लागणारी प्रत्येक मराठी नोटीस त्यांच्या बोटांतून उतरलेली असे. बोनसच्या वर्षी लोक आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग फळ्याकडे. कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत आहे. तिच्यात तरुण मुलं दिवसभर टाइपच करत असतात. पण त्याला टायपिंग म्हणत नाहीत आणि पगारही टायपिस्टचा देत नाहीत. मरोळ नाक्याला तर आता एक मेट्रो डोक्यावरून जाते, २०१४ची, आणि दुसरी पायाखालून, २०२४ची. त्या दोहोंच्या मधल्या मरोळमध्ये आमचे अण्णा गॅलरीत बसलेले असतात. कारण घरात त्यांना फार मान आहे. भाजी निवडायला घेतली की ही म्हणते, "तुम्ही बसा, अण्णा." बल्ब बदलायला उठले की मी म्हणतो. बँकेत जायला चप्पल घातली की नातू म्हणतो, "आजोबा, मी मोबाइलवरून करतो ना!" दिवसातून दहा-बारा वेळा आम्ही त्यांना मानाने बसवतो.

लॅपटॉपसाठी उपाय सुचवला तो सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने. "काका, याला हलकं लिनक्स घाला." लिनक्सचं मूळ १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने रचलं. त्या मुळावर जगभरच्या माणसांनी आपापल्या चवीने इतके अवतार उभे केलेत, की निवड करताना लग्नाच्या साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं होतं. पैसे मात्र नाहीत. "फुकट आहे म्हणजे काहीतरी असणार," असं म्हणून हिने दुकानाबाहेरच बसणं पसंत केलं.

एक अवतार पपी लिनक्स. तो ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली आपल्या इवल्याशा कुत्र्याच्या नावाने काढला. तो सगळाच्या सगळा रॅममध्ये मावतो. दुसऱ्याचं नाव बोधी, आणि त्याच्या डेस्कटॉपचं नाव चक्क मोक्ष! चांगला आहे म्हणतात. पण ८५ वर्षांच्या वडिलांच्या हातात मोक्ष ठेवणं बरं दिसलं नसतं. शेवटी डेबियन ठरलं. इयान मरडॉकने १९९३ साली ते सुरू करताना मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी दोन नावं जोडली होती. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात; म्हणजे मुलं मोठी झाल्यावर आपलं काय होणार या काळजीतल्या खेळण्यांची. ऑगस्ट २०२५ची तेरावी आवृत्ती म्हणजे ट्रिक्सी. तिने बत्तीस बिटांच्या संगणकांवर नव्याने चढणं सोडून दिलंय. आमचा चौसष्टचा, म्हणून वाचला. सगळ्यांनाच ओढून नेता येत नाही, हेही खरंच. बॅटरी फुगलेला लॅपटॉप आठवण म्हणून जपणं हा तर निव्वळ वेडेपणा.

माझं कुतूहल ‘हलकं’ या शब्दाविषयी होतं. त्या मुलाने एलएक्सक्यूटी नावाचा साधा डेस्कटॉप निवडला. त्यात काचेसारख्या चमकणाऱ्या खिडक्या नाहीत, न विचारता हवामान सांगणारं कुणी नाही. नुसता चालू करून ठेवला तर रॅम निम्म्याहून अधिक मोकळी. वेब ब्राउझर जडच राहतो, तो कुणालाच हलका करता आलेला नाही; म्हणून एका वेळी दोन-तीन पानं उघडायची, वीस नाहीत. म्हणजे लॅपटॉपची ताकद वाढली नव्हती. त्याच्या पाठीवरचं फुकाचं ओझं उतरवलं होतं, आणि मग त्याला काम सांगितलं होतं. माळ्यावर चढवताना आपण ओझं आणि काम दोन्ही काढून घेतो.

बसवणी तासाभराची. आधी जुने फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, कारण एकदा डिस्क पुसली की मग ब्रह्मदेवही हात झटकतो. थोडा खर्च करून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली. वेग खरा तिनेच आणला. मग पेनड्राइव्हवरूनच डेबियन चालवून पाहिलं. ही सोय मला फार आवडली. काहीही कायमचं न करता आवाज, पडदा, वाय-फाय नीट चालतंय का ते बघायचं. जावयाला आधी आठवडाभर घरी ठेवून घेण्यासारखं. वाय-फाय लगेच लागलं. त्यामागे एक मतदान आहे. वाय-फायच्या चिपांना लागणारा काही मजकूर कंपन्यांच्या मालकीचा, उघड न केलेला असतो. आपल्या मुक्त सोवळ्यात तो घ्यावा की नाही, यावर डेबियनवाल्यांनी बरीच वर्षं वाद घातला आणि २०२२ साली रीतसर मतं टाकून तो अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. सोवळं थोडं सैल झालं, पण लोकांची यंत्रं चालू झाली. मी मतदार असतो तर माझंही मत तिकडेच पडलं असतं.

आणि मग त्या मुलाने कळांच्या मांडण्यांची यादी उघडली. मराठीच्या नावाखाली चार-पाच होत्या. त्यांत एक रेमिंग्टन.

मी हाक मारली, "अण्णा, जरा इकडे येता?" बऱ्याच महिन्यांत या घरात त्यांना कुणी असं बोलावलं नव्हतं. गोदरेजने २००९च्या सुमारास टाइपरायटर बनवणं थांबवलं, त्याच्या किती तरी आधी अण्णांची बोटं घरी बसली होती. ते खुर्चीत बसले, पाठ ताठ केली, कळांकडे न बघता सुरू झाले. कळांवर एकही मराठी अक्षर छापलेलं नव्हतं आणि त्यांना ते हवंही नव्हतं. दोन-चार अक्षरांनी जुन्या यंत्रापेक्षा जागा बदलल्या होत्या. त्यांचा त्यांनी नाव घेऊन उद्धार केला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याशी जमवूनही घेतलं.

आता सोसायटीच्या मराठी नोटिसा अण्णा काढतात. "सभासदांस कळविण्यात येते की" या सुरुवातीला पुन्हा वजन आलंय. सेक्रेटरी कुरकुरतात, की पूर्वी महिन्यातून एक नोटीस लागे, आता आठवड्याला तीन लागतात, आणि त्यांतली एक सेक्रेटरींनाच उद्देशून असते. ही परवा सवयीने "तुम्ही बसा, अण्णा" म्हणाली, तर ते म्हणाले, "बसलोच आहे. काम करतोय. चहा टाक." सध्या पाण्याच्या टाकीच्या साफसफाईची नोटीस चालू आहे. दुसऱ्या परिच्छेदाशी कागद संपले, म्हणून त्यांनी मला नाक्यावर पिटाळलंय.